जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या बालपरिचर्येसाठी मागणीपत्र

प्रति,
जिल्हा व तालुका आरोग्य प्रशासन

विषय : भोर आणि राजगड (वेल्हे) तालुक्यांतील नवजात, बालके व किशोरवयीनांच्या शुश्रूषेसाठी मनुष्यबळ, साधने आणि कार्यपद्धती

महोदय,

भोर आणि राजगड, म्हणजे कालपर्यंतचे वेल्हे, या दोन तालुक्यांत सरकारी सेवेत असलेल्या अधिपरिचारिका, आरोग्यसेविका आणि आरोग्य सहायिका यांच्या संघटनेचे हे मागणीपत्र आहे. सभासदांच्या सभेत ते ओळ न् ओळ वाचले गेले, दुरुस्त झाले आणि मग संमत झाले. यातले बरेच मुद्दे आम्ही याआधी तोंडी मांडले, काही अर्जांतून दिले. ‘बघू’ हे उत्तर आम्हाला पुरेसे मिळाले आहे. या वेळी प्रत्येक मागणीपुढे ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत’ असा शेरा आणि अमान्य असल्यास कारण, एवढे लेखी हवे आहे.

मूल जन्मल्यापासून अठरा वर्षांचे होईपर्यंत एकामागून एक योजनांच्या हाती जाते. पहिले 42 दिवस गृहस्तरीय नवजात काळजी, नंतर पंधराव्या महिन्यापर्यंतच्या घरभेटी, मग अंगणवाडीतली तपासणी, शाळेतली तपासणी आणि दहाव्या वर्षापासून किशोर स्वास्थ्य. प्रत्येक योजनेची वही वेगळी, पथक वेगळे, निधीचे शीर्ष वेगळे. मूल मात्र तेच असते आणि बहुतेक वेळा परिचारिकाही तीच असते. एक योजना संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यात मूल हातून सुटते. पुढच्या बहुतेक मागण्या या सांध्यांबद्दल आहेत.

अंतर

2011 च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या 1,86,116 आणि वेल्ह्याची 54,516 होती. सपाटीवर 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी भागात 3,000 मागे एक, असा निकष आहे. त्या हिशेबाने वेल्ह्याला 18 उपकेंद्रे पुरतात. हे उत्तर कागदावर बरोबर आहे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, कानंद खोरे, गुंजण मावळ इथे ते चुकते, कारण इथली माणसे गावठाणात एकवटलेली नाहीत. धनगरवाडे माथ्यावर आहेत, कातकरी वस्त्या शेताच्या कडेला आहेत. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी आणि पानशेतच्या फुगवट्यापलीकडची वाडी डोळ्यांसमोर दिसते, पण तिथे पोचायला पाण्याला वळसा घालावा लागतो.

मागणी 1. डोंगरी भागासाठी ‘वस्तीपासून 30 मिनिटे पायी’ हा वेळेचा निकष राष्ट्रीय मानकांतच दिलेला आहे. तो या दोन तालुक्यांना लावावा. प्रत्येक वाडीपासून उपकेंद्रापर्यंतचे चालण्याचे अंतर पावसाळ्यात मोजावे, कारण उन्हाळ्यातली वाट जुलैत ओढ्याखाली असते. मोजणीला आमच्या आरोग्यसेविका सोबत येतील. या निकषात न बसणाऱ्या वस्त्यांसाठी नवे उपकेंद्र किंवा आठवड्याचा ठरलेला फिरता दवाखाना, यांपैकी एक मंजूर करावे.

नवजात बाळ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजारी 23.2 आणि नवजात मृत्यू दर 16.5 नोंदला गेला. म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या दर दहा बाळांतली सात पहिल्या 28 दिवसांतच जातात. त्यामुळे प्रसूती कक्ष आणि त्याला लागून असलेला नवजात कोपरा इथून सुरुवात करणे भाग आहे.

जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यावा लागतो. अंबू बॅगचा मास्क नाकातोंडावर घट्ट बसला की नाही, छाती उचलली जाते की नाही, हे बोटांना कळावे लागते. नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण 2 दिवसांचे आहे. दोन दिवसांत पद्धत समजते, पण हात बसतो तो रोजच्या कामाने. आमच्या कितीतरी सभासदांचा अनुभव एकच आहे : नवजात कक्षात हात बसला की आदेश येतो आणि ती पुरुष वॉर्डात किंवा बाह्यरुग्ण विभागात जाते. तिच्या जागी येणारी पुन्हा पहिल्यापासून शिकते. या शिकण्याची किंमत बाळ मोजते.

मागणी 2. नवजात परिचर्येचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेस किमान 3 वर्षे प्रसूती व नवजात विभागातच ठेवावे. अपवाद फक्त तिच्या स्वतःच्या लेखी विनंतीचा किंवा बढतीचा असावा. दर तीन महिन्यांनी बाहुलीवर श्वास देण्याचा सराव जागेवरच घ्यावा.

मागणी 3. नवजात कक्षात प्रत्येक पाळीत केवळ त्याच कामासाठी एक परिचारिका असावी. हिशेब साधा आहे. दिवसाच्या 3 पाळ्या, आठवड्याच्या 21. एक परिचारिका आठवड्याला 6 पाळ्या करते, म्हणजे साडेतीन जणी नुसत्या हजेरीलाच लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि बाळासोबत पुण्याला जाणे धरले तर 5 पदे होतात. रात्री एकच परिचारिका प्रसूती, वॉर्ड, तातडीचे रुग्ण आणि वॉर्मरवरचे बाळ असे चारही सांभाळते, तेव्हा त्यातले एक काम होत नसते. ते कोणते, एवढेच त्या रात्री ठरते.

मागणी 4. ‘बालरोग परिचारिका’ हे पद राज्याच्या सेवेत आहे, पण ते मोठ्या रुग्णालयांपुरते राहिले आहे. दोन्ही तालुक्यांसाठी प्रत्येकी एक असे पद निर्माण करावे. तिच्याकडे वॉर्डाबरोबरच तालुक्यातल्या सर्व उपकेंद्रांवरील बालपरिचर्येची तपासणी आणि जागेवरचे शिक्षण असावे. नवजात परिचर्येतील एक वर्षाच्या पदविकेसाठी दर वर्षी दोन्ही तालुक्यांतून एक परिचारिका सवेतन पाठवावी.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, म्हणजे कांगारू पद्धत, ही कोलंबियातील बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील अभ्यासाने, ज्यात भारतही होता, ती जन्मानंतर लगेच सुरू केल्यास नवजात मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे दाखवले. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती आई. आणि तिला टेकायला धड जागा नसेल तर ती दिवसातून किती तास बाळाला छातीशी धरणार?

मागणी 5. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक संस्थेत किमान 2 टेकण्याच्या खुर्च्या, पडदा आणि आईसाठी बाळाशेजारीच खाट द्यावी. बाळ दाखल असेपर्यंत आईला जेवण द्यावे, तिची सुट्टी झालेली असली तरी.

मागणी 6. भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आग लागली. 17 बाळांपैकी 10 दगावली. ती रात्र राज्यातली कोणतीही परिचारिका विसरलेली नाही. वॉर्मर, फोटोथेरपी यंत्र आणि ऑक्सिजन असलेल्या प्रत्येक खोलीची विद्युत व अग्निसुरक्षा तपासणी वर्षातून दोनदा व्हावी आणि अहवालाची प्रत त्या खोलीत काम करणाऱ्या परिचारिकेच्या हाती द्यावी. अग्निशामक नळकांडे भिंतीवर असणे पुरेसे नाही, ते चालवण्याचा सराव रात्रपाळीचाही व्हावा.

घरी आजारी पडलेले बाळ

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात काळजी उभी केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. देशभर 2011 पासून आशा ज्या घरभेटी करतात, त्या याच कामातून आल्या. संस्थेत प्रसूती झाली तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाली तर पहिल्या दिवशीही. पद्धत महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध झालेली आहे, इथे ती अपुरी पडते ती पाठबळाअभावी. बाळ दूध ओढत नाही, अंग थंड पडले आहे, श्वास मिनिटाला साठच्या वर आहे, हे आशा ओळखते. ती आरोग्यसेविकेला बोलावते. पुढे काय?

केंद्राच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला गंभीर जंतुसंसर्गाची लक्षणे असतील, तर रुग्णालयात पाठवण्यापूर्वी आरोग्यसेविकेने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस द्यायचा आहे. पाठवणे शक्यच नसेल, तर उपचार पूर्ण करायचे आहेत. हे आम्हाला येते. तरीही हात आखडतो, कारण काही वाईट झाले तर ‘तुला कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न आरोग्यसेविकेलाच विचारला जातो.

मागणी 7. या सूचनांच्या आधारे प्रत्येक आरोग्यसेविकेच्या नावे लेखी अधिकारपत्र द्यावे. त्यात वजनानुसार मात्रेचा तक्ता असावा आणि ठरलेल्या पद्धतीने दिलेल्या उपचाराबद्दल तिच्यावर व्यक्तिशः कारवाई होणार नाही, अशी स्पष्ट ओळ असावी.

मागणी 8. प्रत्येक उपकेंद्रावर पुढील वस्तू कायम चालू स्थितीत असाव्यात : 10 ग्रॅमचाही फरक दाखवणारा बाळाचा वजनकाटा, तान्ह्या बाळाच्या पायाला लागणारा प्रोब असलेला ऑक्सिमीटर, लहान मुलाच्या दंडाचा बीपी पट्टा, पिवळ्या रंगाचा 24 नंबरचा कॅन्युला, थेंब बारीक पडणारा सलाईन सेट, नेब्युलायझरचा छोटा मास्क, ओआरएस आणि झिंक. मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळून मुलाचा रक्तदाब घेतला की आकडा चुकतो. चुकलेल्या आकड्यावर उपचार होऊ नयेत. आशांना नवजात भेटींचे 250 रुपये आणि पुढच्या पाच भेटींचे 250 रुपये 30 दिवसांच्या आत मिळावेत. त्या आमच्या सभासद नाहीत, पण त्यांचे पैसे थकले की आमचे काम थांबते.

मागणी 9. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत बाळाचे डोस चुकतात, वजन घटते आणि इथल्या वहीत त्याच्यापुढे ‘स्थलांतरित’ लिहून काम संपते. जाण्यापूर्वी यादी करावी, भट्टी ज्या तालुक्यात आहे तिथल्या आरोग्य केंद्राला ती पाठवावी आणि तिथून पोच मागवावी. पोच आली नाही, तर मूल आमच्याच जबाबदारीवर राहील. ती जबाबदारी आम्ही घेतो, फोनचा आणि प्रवासाचा खर्च शासनाने घ्यावा.

वाट

राजगडच्या पश्चिम टोकाकडून किंवा हिरडस मावळातून बाळ पुण्यात पोचायला पावसाळी रात्री किती वेळ लागतो, हे एकदा आपण स्वतः आमच्यासोबत प्रवास करून पाहावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. 108 ची गाडी 2014 पासून आहे आणि तिने अनेक जीव वाचवले आहेत. पण गाडीसोबत परिचारिका गेली की मागे संस्था रिकामी राहते, आणि ती गेली नाही तर बाळ वाटेत थंड पडते. दोन्हींतले एक निवडायला आम्हाला लावू नये.

मागणी 10. दोन्ही तालुक्यांची मिळून एक पाळीबद्ध यादी करावी, ज्यातली परिचारिका केवळ बाळासोबत जाण्यासाठी उपलब्ध असेल. जाण्यायेण्याचा सगळा वेळ कर्तव्य धरावा, परतीची सोय शासनाची असावी आणि रात्री प्रवास झाल्यास दुसऱ्या दिवशी विश्रांती द्यावी. आई प्रवास करू शकत असेल तर तीही त्याच गाडीत, बाळ तिच्या छातीशी. गाडी सुटण्यापूर्वी स्वीकारणाऱ्या नवजात कक्षाशी फोनवर बोलून खाट नक्की करण्याचे काम वैद्यकीय अधिकाऱ्यांनी करावे. पुण्यात एका दारातून दुसऱ्या दारी बाळ घेऊन फिरण्याची वेळ यापुढे येऊ नये.

मागणी 11. भातखाचरात आणि कुडाच्या घरात साप व विंचू ही मुलांच्या मृत्यूची कारणे आहेत. वरंधा घाट उतरला की महाड. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या स्वस्त औषधाचा उपयोग जगाला दाखवून दिला. घाटाच्या वरच्या अंगालाही ते औषध प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवे. सर्पदंशाच्या प्रतिविषाची मात्रा मुलालाही मोठ्यांइतकीच लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. म्हणून साठा ठरवताना ‘लहान मूल, कमी कुप्या’ असा हिशेब करू नये. जून ते ऑक्टोबर या काळात किमान दोन रुग्णांच्या पहिल्या डोसापुरता, म्हणजे 20 कुप्यांचा साठा, ॲड्रेनालिनसह तयार असावा.

शाळेत जाणारे मूल

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंत तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथक हृदयाला छिद्र असलेले मूल शोधते, वाकडे पाय, बहिरेपण शोधते. हे काम चांगले आहे. अडचण पुढच्या उपचाराची चिठ्ठी दिल्यानंतर सुरू होते. ती घेऊन पुण्याला जायचे म्हणजे बापाचा दोन दिवसांचा रोज बुडतो. चिठ्ठी घरच्या आढ्याला खोचलेली राहते आणि पुढच्या वर्षी पथक त्याच मुलाला पुन्हा तीच चिठ्ठी देते.

मागणी 12. पुढील उपचारासाठी पाठवलेल्या प्रत्येक मुलाची यादी तालुक्याच्या बालरोग परिचारिकेकडे द्यावी आणि मूल प्रत्यक्ष तज्ज्ञापर्यंत पोचेपर्यंत ती बंद करू नये. महिन्यातून एक दिवस गाडीने अशा मुलांना पालकांसह नेऊन आणावे. फीट, दमा, मधुमेह असलेल्या मुलांची औषधे दरमहा तालुक्यातच मिळावीत. इन्सुलिनसाठी मुलाला पुण्याला जावे लागू नये.

किशोरवय

बालपरिचर्या म्हटले की पाळणा डोळ्यांसमोर येतो. तेरा-चौदा वर्षांची मुलगी कुणाच्याच यादीत नीट बसत नाही. ती बालरोग विभागात मोठी दिसते आणि स्त्री विभागात लहान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींत रक्तक्षयाचे प्रमाण 57.2 टक्के होते. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. शाळा सुटलेल्या मुलीला ती मिळत नाही, आणि इथे सातवी किंवा दहावीनंतर शाळा सुटणे ही रोजची गोष्ट आहे.

मागणी 13. ‘मैत्री’ किशोर केंद्र आठवड्यातून किमान दोन दुपारी, शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळवून, बंद दाराच्या खोलीत चालावे. रांगेत सगळ्या गावासमोर ‘काय होतंय?’ असे विचारले तर मुलगी उत्तर देत नाही. शाळाबाह्य मुलींना गोळ्या आणि हिमोग्लोबिन तपासणी वस्तीवरच मिळावी. मुलांशी बोलायला प्रशिक्षित पुरुष समुपदेशकही हवा. व्यसन आणि मनातली घालमेल याबद्दल मुलगे आमच्याशी मोकळेपणी बोलत नाहीत, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो.

यानंतरचा मुद्दा सभेत सर्वांत जास्त वेळ चर्चेत राहिला. अठरा पूर्ण न झालेली गरोदर मुलगी दवाखान्यात आली की 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे खबर देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास कलम 21 प्रमाणे शिक्षा आहे. कायद्याचा हेतू आम्हाला पूर्ण मान्य आहे. बालविवाह थांबलेच पाहिजेत. पण खबरीची भीती बसली की घरचे मुलीला लपवतात. ती पहिल्यांदा येते ती आठव्या महिन्यात, किंवा कळा सुरू झाल्यावर. मग कमी वजनाचे बाळ आणि स्वतःच अजून वाढीच्या वयातली आई, दोघेही एकाच रात्री आमच्या हाती येतात. खबर दिली म्हणून गावात त्रास होतो तो तिथेच मुक्कामी राहणाऱ्या आरोग्यसेविकेला.

मागणी 14. यासाठी एकच लेखी कार्यपद्धती काढावी. उपचार आधी. खबर संस्थेचे वैद्यकीय अधिकारी त्यांच्या सहीने देतील. परिचारिकेला पोलीस ठाण्यात बोलावले जाणार नाही, जबाब दवाखान्यातच घेतला जाईल. गर्भपाताची मागणी करणाऱ्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांना खबरीत उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात दिली आहे. ती या कार्यपद्धतीत शब्दशः नमूद करावी.

नोंदी आणि आम्ही

मागणी 15. प्रत्येक मुलाचे एकच कार्ड, जन्मापासून अठरापर्यंत, माता-बाल संरक्षण कार्डाला पुढे जोडून चालवावे. आज एका लसीची नोंद कागदी वहीत, पोर्टलवर आणि महिन्याच्या अहवालात अशी वेगवेगळी होते. ती एकदाच व्हावी. जिथे मोबाइलला रेंज नाही, त्या खोऱ्यांत ‘ऑनलाइन नोंद नाही’ म्हणून कामाचा मोबदला किंवा शेरा रोखू नये.

मागणी 16. कंत्राटी परिचारिकांनी दहा वर्षे सेवा केली असेल तर त्यांच्या समायोजनासाठी 14 मार्च 2024 चा शासन निर्णय आहे. दोन्ही तालुक्यांतील पात्र सभासदांची यादी नावानिशी जाहीर करावी. उपकेंद्राच्या निवासस्थानाला पाणी, कडी लागणारे दार आणि बाहेर दिवा हवा. एकटी बाई मुक्कामी राहावी अशी अपेक्षा असेल, तर एवढे मागणे जास्त नाही.

खर्च आणि मुदत

मागणी 2, 7, 14 आणि 15 यांना आदेशापलीकडे काही लागत नाही. त्या 30 दिवसांत पूर्ण व्हाव्यात. 5, 6, 8, 11 आणि 13 ही खरेदीची व जागेच्या सोयीची कामे आहेत, त्यांना 90 दिवस देत आहोत. मागणी 3 आणि 4 मधील पदांना राज्याची मंजुरी लागते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून पदे आजच द्या, असे आम्ही म्हणत नाही. प्रस्ताव 60 दिवसांत रवाना व्हावा आणि त्याची प्रत संघटनेला मिळावी. उरलेल्या मागण्यांचे टप्पे बैठकीत ठरवता येतील.

30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही रीतसर नोटीस देऊन दुबार अहवाल आणि परिचर्येबाहेरची कामे थांबवू. बाळाच्या खाटेजवळची सेवा, प्रसूती, लसीकरण आणि तातडीचे उपचार कोणत्याही टप्प्यावर थांबणार नाहीत.

चर्चेला आमच्या बाजूने पाच जणी येतील. त्यांतल्या किमान दोघी उपकेंद्रावर काम करणाऱ्या असतील. बैठकीचा दिवस आठ दिवस आधी कळवावा आणि तो लसीकरण सत्राचा नसावा.

आपल्या,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य
भोर व राजगड (वेल्हे) तालुके